बजेट बेताचं असताना नवा कॉम्प्युटर कसा निवडायचा

"रायझन ५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची फुल एचडी स्क्रीन, विंडोज ११." नेमकी हीच ओळ लिहिलेले दोन लॅपटॉप विक्रीच्या पानावर शेजारीशेजारी दिसतात. किमतीत थोडाच फरक असतो आणि पहिल्यांदा कॉम्प्युटर घेणारा माणूस साहजिकच स्वस्तातला निवडतो. आता बारीक अक्षरांतलं पूर्ण नाव वाचा. एकात रायझन ५ ७५२०यू आहे, दुसऱ्यात रायझन ५ ७५३०यू. पहिल्याला ४ कोअर (प्रोसेसरच्या आत एकाच वेळी काम करणारे भाग), दुसऱ्याला ६. शिवाय ७५२०यू फक्त मदरबोर्डवर (आतल्या मुख्य पट्टीवर) सोल्डर केलेल्या, म्हणजे डाख देऊन पक्क्या बसवलेल्या रॅमवरच (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीवर) चालतो, त्यामुळे आज ८ जीबी घेतली की ती कायमची ८ जीबी. ७५३०यूच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅमचा निदान एक स्लॉट असतो. पुढे मशीन मंद वाटायला लागलं तर रॅम वाढवून काम भागतं.

फरक एका अंकाचा, आणि जाहिरातीच्या ठळक ओळीत तो अंकच नाही.

पैसे भरपूर असले की निवड सोपी असते. बजेट बेताचं असलं की कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. तो कुठे घ्यायचा एवढंच ठरवायचं असतं. माझं उत्तर साधं आहे: जे नंतर बदलता येणार नाही तिथे पैसे घाला, जे नंतर वाढवता येईल तिथे आत्ता निभावून न्या. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या आणि सोल्डर केलेली रॅम पहिल्या गटात येतात. एसएसडी (फायली कायम साठवण्याची जागा), स्लॉटमधली रॅम, माऊस, स्पीकर, वेबकॅम दुसऱ्या गटात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर आहेत.

१. आधी काम लिहून काढा

कॉम्प्युटरवर काय काय करता येईल याची यादी नको, तुम्ही आठवड्यात खरोखर काय करणार आहात ते लिहा. "पुढेमागे व्हिडिओ एडिटिंग शिकेन म्हणतो" या वाक्यापायी अनेकांनी ग्राफिक्स कार्डावर पैसे घातले आणि त्यावर फक्त ईमेल वाचले.

ब्राउझर, टायपिंग, स्प्रेडशीट, व्हिडिओ कॉल, ऑनलाइन क्लास, सिनेमे एवढंच असेल तर गेल्या चार-पाच वर्षांतला कोणताही मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरतो. पैसे रॅम आणि स्क्रीनवर घाला. प्रोग्रॅमिंग असेल तर रॅम अधिक लागते. फोटोंचं काम असेल तर स्क्रीनच्या रंगांकडे लक्ष द्या. थ्रीडी, कॅड (कॉम्प्युटरवर आराखडे काढणं) आणि जड गेम असतील तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि मग कमी बजेटमध्ये लॅपटॉपचा हट्ट सोडून डेस्कटॉपकडे वळलेलं बरं.

याच कागदावर आणखी एक गोष्ट लिहा: एखादं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे का? कॉलेजने किंवा ऑफिसने सॉलिडवर्क्स किंवा रेव्हिट सांगितलं असेल तर ती फक्त विंडोजवर चालतात. आयफोनसाठी अ‍ॅप बनवायचं असेल तर एक्सकोड फक्त मॅकवर. अशी सक्ती असेल तर निम्मी निवड तिथेच झाली.

२. लॅपटॉप, डेस्कटॉप की मिनी पीसी

कॉम्प्युटर उचलून रोज कुठे न्यायचा आहे का? नसेल तर लॅपटॉप घेण्याआधी दोनदा विचार करा. त्याच पैशात डेस्कटॉप जास्त वेगवान मिळतो, कमी तापतो, आणि बिघडलाच तर एकेक भाग बदलता येतो. लॅपटॉपची स्क्रीन गेली की दुरुस्तीचा खर्च ऐकून लोक नवा घ्यायचा विचार करायला लागतात.

मात्र हिशोब पूर्ण मांडा. डेस्कटॉपच्या किमतीत मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, वेबकॅम, स्पीकर, वाय-फाय आणि वीज जाण्याची सवय असेल तिथे यूपीएस हे सगळं बहुधा धरलेलं नसतं. लॅपटॉपमध्ये ते आत असतं, बॅटरीसकट. हातात आधीच चांगला मॉनिटर असेल तर पारडं लगेच डेस्कटॉपकडे झुकतं.

सुटे भाग जोडून डेस्कटॉप बनवणार असाल तर दोन सूचना. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. तो थोडा स्वस्त का मिळतो याचं कारण हेच. उलट एएमडीच्या 'जी' शेपटीच्या प्रोसेसरांत, जसे रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी, अंगभूत ग्राफिक्स बऱ्यापैकी असतं आणि साधे गेम कार्डाशिवायही चालतात. दुसरी सूचना पॉवर सप्लायची. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला बिननावाचा पॉवर सप्लाय वापरू नका. तो जळताना कधीकधी सोबत मदरबोर्डही घेऊन जातो. इथे वाचवलेले पैसे हे वाचवलेले पैसे नव्हेत.

मिनी पीसी हा मधला मार्ग अलीकडे खूप चांगला झाला आहे. आत लॅपटॉपचाच प्रोसेसर, हाताच्या पंजाएवढा डबा, मॉनिटरच्या मागे टांगता येतो, वीज कमी खातो. टायपिंग-ब्राउझिंगच्या घरगुती वापराला मी तोच सुचवतो. मॉनिटरमध्येच कॉम्प्युटर असलेला 'ऑल इन वन' मात्र टाळा: एक भाग गेला की दुसरा चांगला असूनही अडकतो.

३. प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचायला शिका

या पायरीवर थोडा जास्त वेळ घालवा, कारण लॅपटॉपचा प्रोसेसर नंतर बदलता येत नाही आणि विक्रीची सगळी धूळफेक इथेच होते.

"आय७ आहे साहेब" हे वाक्य ऐकलं की पुढचे आकडे विचारा. कोअर आय७-७५००यू हा २०१६ सालचा आय७. त्याला फक्त २ कोअर आहेत. २०२२ च्या कोअर आय३-१२१५यू ला ६ आहेत आणि तो त्या जुन्या आय७ला सहज मागे टाकतो. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो आय७ नाहीच. तेव्हा ३, ५, ७ हे आकडे फक्त एकाच पिढीच्या आत एकमेकांशी ताडून बघायचे असतात. जुन्या ७ पेक्षा नवा ३ बरा, ही गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मी फसवणूक टळते. गिगाहर्ट्झचंही तसंच: वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ शेजारी ठेवून काही कळत नाही.

इंटेलच्या आय५-१२३५यू या नावात १२ म्हणजे बारावी पिढी. शेवटचं अक्षर विजेबद्दल सांगतं: 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, साधारण १५ वॉटचा, 'एच' म्हणजे ताकदवान, साधारण ४५ वॉटचा, अधिक तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा. कॉलेजला आणि ऑफिसला नेण्यासाठी यू, टेबलावर चार्जर लावून जड काम करायचं असेल तर एच. २०२३ च्या शेवटापासून इंटेलने 'आय' काढून टाकला. आता 'कोअर ५' आणि 'कोअर अल्ट्रा ५' अशी नावं दिसतात. यात 'अल्ट्रा' नसलेली १०० मालिका, जसं कोअर ५ १२०यू, म्हणजे मुख्यतः तेराव्या पिढीचीच रचना नव्या लेबलाखाली. वाईट नाही, पण नवेपणाचे जादा पैसे मोजू नका.

'एन' ने सुरू होणारे इंटेल, उदाहरणार्थ एन१००, हे पूर्वीच्या सेलेरॉन-पेंटियमच्या जागी आले. त्यात ४ छोटे, काटकसरी कोअर असतात. एका वेळी एकच काम करणाऱ्याला, किंवा फक्त अभ्यासासाठी मुलाला द्यायच्या मिनी पीसीला तो चालतो. ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडे ठेवून वर व्हिडिओ कॉल घेणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

एएमडीने २०२३ मध्ये लॅपटॉपसाठी चार अंकी नावांची जी पद्धत आणली तिची किल्ली तिसऱ्या अंकात आहे. पहिला अंक विक्रीचं वर्ष दाखवतो, ७ म्हणजे २०२३. तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी दाखवतो. म्हणजे ७५२०यू मध्ये 'झेन २', जी २०१९ मध्ये आली. ७५३०यू मध्ये 'झेन ३', २०२० ची. ७५४०यू मध्ये 'झेन ४', २०२२ ची. तिन्हींवर 'रायझन ५ ७००० मालिका' असंच लिहिलेलं असतं, आणि त्यात खोटं काहीच नसतं! 'रायझन एआय' नावाची नवी मालिका या नियमात बसत नाही, पण बेताच्या बजेटमध्ये तुमची गाठ अजून बरेच दिवस चार अंकी नावांशीच पडणार आहे.

क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप २०२४ पासून मिळतात. बॅटरी उत्तम चालते. पण त्यांची अंतर्गत भाषा वेगळी असल्यामुळे काही गेम, जुने प्रिंटर आणि खास कामाची सॉफ्टवेअर त्यांच्यावर अडतात. पहिल्या पायरीची यादी घेऊन एकेक नाव तपासा, मगच घ्या.

तोच प्रोसेसर पातळ, एका छोट्या पंख्याच्या लॅपटॉपमध्ये तापून वेग कमी करतो आणि जाड लॅपटॉपमध्ये मोकळेपणाने पळतो. म्हणून परीक्षण वाचायचं ते प्रोसेसरचं नव्हे, त्या नेमक्या मॉडेलचं.

४. रॅम: किती, आणि वाढवता येते का

रॅम भरली की कॉम्प्युटर तिथली माहिती तात्पुरती एसएसडीवर सरकवतो. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमपुढे ती खूपच हळू, म्हणून टॅब बदलताना क्षणभर सगळं थिजल्यासारखं होतं. त्यालाच आपण 'हँग होतो' म्हणतो, आणि बऱ्याचदा उगाच प्रोसेसरला शिव्या घालतो.

विंडोजसाठी आज ८ जीबी ही किमान मर्यादा समजा आणि १६ जीबी हे योग्य माप. ८ जीबीतूनही अंगभूत ग्राफिक्स स्वतःचा वाटा काढून घेतं, त्यामुळे हाती ८ पेक्षा कमीच उरते. ४ जीबीचा लॅपटॉप नव्यात कोणी देऊ केला तर सरळ उठून या.

दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये? स्लॉट किती, त्यातले रिकामे किती? जास्तीत जास्त किती जीबीपर्यंत जाते? उत्तर टाळलं गेलं तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं तांत्रिक पत्रक काढून बघा. रॅमच्या प्रकारात 'एलपीडीडीआर' असं दिसलं तर ती जवळपास हमखास सोल्डर केलेली. नुसतं 'डीडीआर४' किंवा 'डीडीआर५' असेल तर स्लॉटची शक्यता चांगली, पण खात्री नाही.

दुकानात मशीन चालू असेल तर याहून सोपा उपाय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा. खालच्या कोपऱ्यात 'स्लॉट्स यूज्ड' समोर '१ ऑफ २' असं दिसलं तर एक जागा रिकामी आहे. 'फॉर्म फॅक्टर' समोर 'सोडिम' असेल तर स्लॉटमधली पट्टी, 'रो ऑफ चिप्स' असेल तर सोल्डर केलेली. अर्धं मिनिट लागतं, आणि विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा हे खात्रीचं.

मग नियम असा: रॅम सोल्डर केलेली असेल तर १६ जीबीच घ्या, बाकी कुठे तडजोड करावी लागली तरी. स्लॉट असेल तर ८ वर सुरुवात करायला हरकत नाही. मात्र इथे सध्या एक मेख आहे. एआयच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले. "आत्ता ८ घे, वाढव नंतर स्वस्तात" हा जुना सल्ला त्यामुळे डोळे झाकून पाळू नका. ८ आणि १६ जीबीच्या मॉडेलांतला फरक आणि सुट्या ८ जीबीच्या पट्टीची आजची किंमत ताडून पाहा. कारखान्यातूनच १६ घेणं स्वस्त पडत असेल तर तसं करा.

अंगभूत ग्राफिक्स असलेल्या मशीनला एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या जास्त मानवतात, कारण मेमरीकडे जायला दोन वाटा मिळतात. गेममध्ये हा फरक चांगलाच जाणवतो, टायपिंगमध्ये मुळीच नाही. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही. खाचच वेगळ्या जागी असते.

५. साठवण

हार्ड डिस्कवर विंडोज चालवणं आता विसरा. साधी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई एसएसडी ३५०० च्या आसपास किंवा पुढे. हार्ड डिस्क १०० ते २००. रोजच्या वापरात हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर आलात की जमीन-अस्मानाचा फरक पडतो. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर मात्र सामान्य माणसाला फारसं काही कळत नाही, म्हणून सर्वांत वेगवान एसएसडीसाठी जादा पैसे देऊ नका.

साठवणीसमोर एसएसडीऐवजी 'ईएमएमसी' हा शब्द दिसला तर पान बंद करा. ती हळू असते, सोल्डर केलेली असते, आणि ६४ जीबीची असेल तर विंडोजच्या अपडेटांनीच भरून जाते.

कमी बजेटमध्ये ५१२ जीबी पुरते. २५६ सुद्धा चालेल, जर आत एम.२ स्लॉट (एसएसडीची पट्टी बसवायची जागा) असेल आणि ती नंतर बदलता येणार असेल. बदलताना लांबी मात्र बघून घ्या, २२८०, २२४२ आणि २२३० या तीन मापांतले शेवटचे दोन अंक म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. आणि ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसली तर भांडायला जाऊ नका. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं.

६. स्क्रीन आणि कीबोर्ड

माझ्या मते कमी बजेटच्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात मोठी काटकसर कंपन्या स्क्रीनवर करतात, कारण जाहिरातीत ती दिसत नाही. आणि तुम्ही मात्र दिवसभर तिच्याकडेच बघत बसता.

१३६६ बाय ७६८ ची स्क्रीन नको. तिच्यावर साधारण साडेदहा लाख पिक्सेल असतात. १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडीवर पावणेएकवीस लाखांच्या जवळ. अक्षरं किती सुबक दिसतील ते यावर ठरतं. पॅनेल आयपीएस (कोणत्याही बाजूने रंग नीट दिसणारा प्रकार) असावा. 'टीएन' पॅनेल ओळखायला सोपा: स्क्रीन जरा मागे कलवा किंवा खालून बघा, रंग उलटेपालटे आणि काळवंडलेले दिसतील. नुसतं 'फुल एचडी' लिहिलंय आणि पॅनेलचा प्रकार लिहिलेलाच नाही, तर संशय घ्या.

उजेड 'निट्स' मध्ये मोजतात. २५० निट्स घरात चालतात, खिडकीशी बसलात तर डोळे बारीक करावे लागतात. ३०० च्या पुढे मिळाले तर उत्तम. '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असेल तर रंग फिके असणार. पत्रव्यवहाराला त्याने काही बिघडत नाही. फोटो किंवा डिझाइनचं काम असेल तर '१०० टक्के एसआरजीबी' शोधा. डेस्कटॉप घेत असाल तर या प्रश्नातून सुटलात, मॉनिटर केव्हाही बदलता येतो.

कीबोर्डची परीक्षा वाचून होत नाही. दुकानात जाऊन त्यावर एक परिच्छेद टाइप करा. मधोमध दाबल्यावर तो खाली लवतो का बघा. एका हाताने झाकण उघडून बिजागरी कुरकुरते का, स्क्रीन डुलत राहते का ते पाहा. ऑनलाइनच घ्यायचा असला तरी तेच मॉडेल कुठेतरी हात लावून बघता आलं तर सोडू नका.

७. बॅटरी, पोर्ट, ग्राफिक्स

"१० तासांपर्यंत" यातला 'पर्यंत' महत्त्वाचा. हा आकडा बहुधा कमी उजेडात व्हिडिओ चालवून काढलेला असतो. त्यापेक्षा वॉट-तास बघा. ४२ वॉट-तासांची बॅटरी आणि हलक्या कामात ७ वॉट खर्च धरला तर ६ तास. व्हिडिओ कॉलवर खर्च वाढतो आणि तास झपाट्याने घटतात.

यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होईलच आणि मॉनिटर चालेलच असं नाही. काही स्वस्त मॉडेलांत ते फक्त फायली हलवण्यापुरतं असतं. तांत्रिक पत्रकात 'पॉवर डिलिव्हरी' आणि 'डिस्प्लेपोर्ट' हे शब्द शोधा.

गेमसाठी लॅपटॉप घेत असाल तर ग्राफिक्स कार्डाच्या नावाबरोबर त्याला किती वॉट दिले आहेत तेही विचारा. एकाच नावाचं कार्ड कमी वॉटच्या लॅपटॉपमध्ये बरंच मागे पडतं.

८. ऑपरेटिंग सिस्टिम

किंमत अचानक कमी दिसली तर विंडोज आहे का ते बघा. काही मॉडेलं 'डॉस' (आज रोजच्या कामाची नसलेली जुनी सिस्टिम) किंवा ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय विकली जातात. लिनक्स वापरणार असाल तर ही बचतच आहे. लिनक्स मिंट नवख्यालाही जमतं आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं. विंडोजच लागणार असेल तर परवान्याची किंमत मिळवून मगच तुलना करा. घरच्या वापराला विंडोजची 'होम' आवृत्ती पुरते. 'एस मोड' असेल तर फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधली अ‍ॅप चालतात, पण त्यातून बाहेर पडणं फुकट आहे. मात्र परत आत जाता येत नाही.

सोबत येणारं ऑफिस कायमचं आहे की चाचणीपुरतं ते विचारा. लिबरऑफिस फुकट आहे आणि बहुतेकांचं काम त्यावर भागतं. क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) घेणार असाल तर त्या मॉडेलला अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार ती तारीख आधी शोधा. गोदामात पडून राहिलेल्या स्वस्त क्रोमबुकची निम्मी मुदत आधीच संपलेली असू शकते. मॅकमध्ये बजेटवाल्यांसाठी मॅक मिनी हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. २०२४ च्या एम४ मॉडेलपासून त्यात किमान १६ जीबी मेमरी येते. ती नंतर वाढवता येत नाही, तेव्हा जे घ्याल ते विचार करून.

९. वापरलेला घ्यावा का

पैसे फारच कमी असतील तर नव्यातला तकलादू लॅपटॉप घेण्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला बिझनेस लॅपटॉप मला कधीही जास्त पटतो. लेनोव्हो थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक या मालिका मजबूत असतात, कीबोर्ड चांगला असतो, मागचं झाकण काही स्क्रू काढून उघडता येतं आणि सुटे भाग मिळतात. कार्यालयं काही वर्षांनी ती घाऊक बदलतात, म्हणून ती बाजारात येत राहतात.

खालची सीमारेषा पक्की ठेवा: विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं, आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन ३००० मालिका व त्यापुढचं मशीन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. त्याहून जुनं फक्त लिनक्ससाठी घ्या.

हातात घेतल्यावर चालू करून बघा, बंद मशीनवर सौदा करू नका. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड आहे का आणि जुन्या कंपनीचं नियंत्रण अजून आहे का हे आधी पाहा; अशी कुलपं नंतर निघता निघत नाहीत. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता विचारा, चार्जर काढून काही वेळ चालवा. घरी आणल्यावर आतलं विंडोज पुसून नव्याने टाका.

१०. खरेदी आणि पहिला आठवडा

एकाच मॉडेलच्या नावाखाली पाच-सहा वेगवेगळी रूपं विकली जातात. म्हणून बिलावर कंपनीचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या. खोक्यावरच्या स्टिकरशी तो जुळतो का पाहा. वॉरंटी कधीपासून चालू झाली हे कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून कळतं. दुकानातल्या नमुन्याचं मशीन नवं म्हणून दिलं असेल तर ते इथे उघडं पडतं. रॅम वाढवायला झाकण उघडलं तर वॉरंटी जाते का, हेही लेखी विचारा. बॅग, माऊस, अँटीव्हायरस यांच्या 'फ्री' गठ्ठ्याला भुलू नका; त्याऐवजी किंमत कमी करा किंवा रॅम घाला म्हणा. नाही म्हणाले तरी विचारण्यात तुमचं काही जात नाही.

घरी आल्यावर परत करण्याची मुदत किती दिवस आहे ते बघा आणि सगळ्या तपासण्या त्याच्या आत उरका. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, रॅम आणि डिस्क सांगितल्याप्रमाणेच आहेत ना? पूर्ण स्क्रीन आधी पांढरी, मग काळी करून एखादा ठिपका मेलेला दिसतो का? प्रत्येक बटण, प्रत्येक पोर्ट, कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, वाय-फाय राउटरपासून दूरच्या खोलीत. झाकण मिटून तासाभराने उघडा, ताबडतोब जागा होतो का बघा. एकदा बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत नेहमीचं काम करा.

मग विंडोजची अपडेटं पूर्ण होऊ द्या आणि सोबत आलेला चाचणीचा अँटीव्हायरस काढून टाका. विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की खात्यात जाऊन शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. एखाद्या अपडेटनंतर मशीन ती मागून बसलं आणि ती नसली तर आतल्या फायली कोणीच परत देऊ शकत नाही. खोकं आणि आतला थर्माकोल परत करण्याची मुदत संपेपर्यंत फेकू नका.